पेटी तुमची, कागद तुमचे, मजकूर कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा : वाचक ताई इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात. चार वर्षांपूर्वी घरसामानाच्या एका लिलावात त्यांनी शिवणाची जुनी पेटी घेतली. पेटीच्या तळाशी १८११ ते १८२३ मधली ४३ पत्रं निघाली. डॉर्सेटमध्ये भावाच्या घरी राहणाऱ्या एका अविवाहित बाईने लेस्टरशरमधल्या धाकट्या, विवाहित बहिणीला ती लिहिली होती. ताईंनी सगळ्या पत्रांचा मराठी अनुवाद केला आणि पुण्यातला एक दिवाळी अंक तो छापायला तयार झाला. मग त्यांनी एका पानाचा फोटो फेसबुकवर टाकला, तेव्हा कॅनडातून एका गृहस्थांची मेल आली. धाकटी बहीण ही आपल्या खापरपणजीची आई, पत्रं घराण्याची आहेत, परत करा आणि एक ओळही छापू नका, त्यातही भावाच्या अनौरस मुलाचा उल्लेख तर नकोच, असं त्यांचं म्हणणं. ‘दोनशे वर्षांनंतर कुणाचा हक्क राहतो का?’ असं ताई विचारतात.

ताई,

नमुन्यादाखल पाठवलेली सात पत्रं मी कोर्टातून आल्यावर एका बैठकीत वाचून काढली; कायद्याची पुस्तकं दुसऱ्या दिवशी उघडली. १८१७ च्या नोव्हेंबरातलं पत्र तर पक्षकारांची कामं सोडून दोनदा वाचलं. राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली, सगळा देश सुतकात, गावात काळं कापड मिळेना. म्हणून या बाई आपला जांभळा झगा घरच्याच हंड्यात काळा रंगवतात. पुढच्या धुण्याला त्याच हंड्यातून भावाचे दोन सदरे करडे होऊन बाहेर येतात आणि नणंद-भावजयीत आठवडाभर अबोला. दुसरं पत्र १८१६ च्या जुलैतलं. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याचा परिणाम म्हणून युरोपात उन्हाळाच आला नाही. बाईंना तांबोरा काय ठाऊक? त्या एवढंच लिहितात की ऐन जुलैत बैठकीच्या खोलीत विस्तव पेटवावा लागला आणि कापलेलं गवत कुजलं.

तुम्ही विचारलंय, पान उभं लिहून झाल्यावर तेच आडवं धरून त्यावरच पुन्हा का लिहिलंय. पैसे वाचवायला. १८१२ च्या दराने १२० ते १७० मैलांसाठी एका कागदाला १० पेन्स पडत, दुसरा कागद जोडला की दुप्पट. लिफाफासुद्धा कागदातच मोजला जाई, म्हणून तोच कागद दुमडून त्यावर पत्ता आणि मोहोर. आणि हे पैसे सहसा पत्र घेणाऱ्याने भरायचे. १८४० मध्ये एका पेनीचं टपाल आलं तोवर हाच रिवाज होता. म्हणजे प्रत्येक पत्राचं मोल धाकट्या बहिणीने दारात मोजलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचा प्रश्न. ‘दोनशे वर्षं झाली, कसला कॉपीराइट?’ असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते छापलेल्या पुस्तकांपुरतं बरोबर आहे. न छापलेल्या पत्रांचं गणित वेगळं. पत्र पोचलं की कागद घेणाऱ्याचा, मजकूर मात्र लिहिणाऱ्याचाच, हे इंग्लंडच्या कोर्टाने १७४१ मध्येच ठरवलं. कवी अलेक्झांडर पोपची पत्रं एडमंड कर्ल नावाच्या पुस्तकविक्याने परस्पर छापली, त्या दाव्यात. तुमच्या पेटीला आणखी जवळचा दावा १८१८ चा, म्हणजे आपल्याकडे बाजीरावाने माल्कमपुढे शस्त्र ठेवलं त्याच सालचा. गी नावाच्या एका विधवा बाईंनी दिवंगत पतीच्या अनौरस मुलाला पत्रं लिहिली होती. वितुष्ट आल्यावर त्याने मूळ पत्रं परत दिली, पण नकला ठेवून घेतल्या आणि त्या छापायला निघाला. लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांनी मनाई हुकूम कायम ठेवला, तो बाईंच्या मालमत्तेच्या हक्कावर. भावना दुखावल्या, मैत्री तुटली, याच्याशी कोर्टाला कर्तव्य नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. तुमच्या कॅनडाच्या गृहस्थांची मेल नव्वद टक्के भावनेवर उभी आहे, म्हणून हे सांगितलं.

जुन्या इंग्लिश कायद्यात न छापलेल्या लिखाणावरचा हा हक्क कधी संपतच नसे. १९८८ च्या कायद्याने त्याला पहिल्यांदा शेवट दिला. कायदा १९८९ च्या ऑगस्टात लागू झाला आणि त्या वर्षअखेरीपासून ५० वर्षं धरली गेली. म्हणून १८१७ चं अप्रकाशित पत्र आजही कॉपीराइटमध्ये आहे आणि ३१ डिसेंबर २०३९ पर्यंत राहणार. वाचून हसू येईल, पण कायदा असाच आहे. २०१४ मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमसारख्या संस्थांनी याच नियमाच्या निषेधार्थ पहिल्या महायुद्धातल्या पत्रांच्या जागी रिकाम्या काचपेट्या मांडल्या होत्या. सरकारने लोकांची मतं मागवली आणि नियम होता तिथेच ठेवला. भारतातही ब्रिटिश लेखकांच्या लिखाणाला संरक्षण आहे आणि अनुवादाचा हक्क कॉपीराइटचाच भाग आहे. तेव्हा पुण्यात मराठीत छापलं म्हणून सुटका होईल, असं समजू नका.

मग हा हक्क कॅनडात आहे का? मला तसं दिसत नाही. ते गृहस्थ पत्र घेणाऱ्या बहिणीचे वंशज आहेत, लिहिणारीचे नव्हेत. घेणारीकडे होता तो कागद. खरं तर तोही तिचा नव्हता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची जंगम चीजवस्तू कायद्याने नवऱ्याची होई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते बदललं. दारात मोजलेले ते १० पेन्सही नवऱ्याचेच! आणि कागद पुढे पेटीसकट विकला गेला. लिलावाची पावती आणि यादीचं पान जपून ठेवा. पेटी चोरीची होती असं ते म्हणत नाहीत, आपल्या माणसांनी विकायला नको होती एवढंच म्हणतात. त्यावर पत्रं परत द्यायची गरज नाही.

मजकूर अविवाहित बहिणीचा. ती कुणाची बायको नसल्यामुळे तिचं जे होतं ते तिचंच, आणि तिला मृत्युपत्र करता येत होतं. ते केलं असेल तर सगळा हवाला त्यात. गावाकडे नातू आहे म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही, मधले फेरफार दाखवावे लागतात, इथेही तसंच. १८५८ पूर्वीची इंग्लंडमधली मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत नोंदली जात. त्यातल्या कँटरबरीच्या मुख्य न्यायालयाची दप्तरं क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि इंटरनेटवर शोधता येतात. स्थानिक नोंदींसाठी डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरला लिहा. ‘उरलेलं सगळं माझ्या धाकट्या बहिणीला’ असं वाक्य त्यात निघालं, तर मात्र कॅनडाच्या गृहस्थांचं पारडं जड होऊ शकतं. तरीही हक्क आधी त्या बहिणीच्या नवऱ्याकडे जाण्याची शक्यता, तिथून त्याच्या वारसांकडे, आणि दोनशे वर्षांत ते वारस किती झाले असतील ते तुम्हीच मोजा. एकट्याने ‘छापू नका’ म्हणण्याआधी त्यांनी ही साखळी कागदावर दाखवायला हवी.

मी तुमच्या जागी असतो तर पत्रं घरात ठेवली नसती. १९५६ च्या ब्रिटिश कायद्यातलं एक जुनं कलम, सातव्याची सहावी आणि सातवी पोटकलमं, १९८८ च्या कायद्याने जुन्या लिखाणापुरतं जिवंत ठेवलंय. लिखाण १०० वर्षांहून जुनं, लेखक जाऊन ५० वर्षं उलटलेली, आणि हस्तलिखित किंवा त्याची प्रत लोकांना पाहायला खुल्या असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा तशा संस्थेत ठेवलेली असेल, तर प्रकाशनाच्या हेतूने तिची नक्कल करता येते. नव्या पुस्तकात ती आली आणि कॉपीराइट कुणाचा हे प्रकाशकाला ठाऊक नसेल, तर तो भंग ठरत नाही. पेटी तुमच्या माळ्यावर असेपर्यंत या कलमाचा काडीचा उपयोग नाही. तीच विग्स्टनच्या लेस्टरशर रेकॉर्ड ऑफिसने ठेवून घेतली आणि वाचकांना खुली केली, की दार उघडतं. मालकी न सोडता ठेव म्हणूनही देता येते का, ते त्यांना विचारा.

आपल्या १९५७ च्या कायद्यात याचं भावंड आहे : कलम ५२(१)(पी). लेखक कोण हे संस्थेला माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली हवीत. ती केव्हाच उलटली. ग्रंथालय भारतातच असावं अशी अट कलमात नाही. तुमच्या दृष्टीने सोन्याची ओळ पुढे आहे. ५२(२) म्हणतं की हीच सूट अनुवादालाही लागू. ब्रिटिश कलमात अनुवादाचा असा साफ उल्लेख नाही. म्हणून अंक पुण्यात छापून भारतात विकणं आणि त्याचे गठ्ठे लेस्टरला मागवणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो. दुसरीसाठी तिथल्या सॉलिसिटरचा लेखी सल्ला घ्या. माझी सनद महाराष्ट्राची आहे.

एक पेच सांगून टाकतो. प्रकाशकाला मालक ‘ठाऊक नसणं’ ही अट तुम्हाला शोध न घेण्याचा मोह पाडेल. तो मोह टाळा. मेल आलेली आहे, तिची तारीख आहे. उद्या कोर्टात कोरा चेहरा करून उभं राहता येणार नाही. मृत्युपत्र शोधा, जे मिळेल किंवा मिळणार नाही ते लिहून ठेवा आणि संपादकांनाही कळवा. शोधूनही मालक सापडला नाही, तर ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून बेवारस लिखाणाचा परवाना मिळतो, फक्त ब्रिटनपुरता आणि एका वेळी जास्तीत जास्त सात वर्षांचा. भारतात कलम ३१-ए आहे. त्यासाठी आधी देशभर खपाच्या इंग्रजी दैनिकात आणि अनुवाद असेल तर त्या भाषेच्या, म्हणजे मराठी, दैनिकात जाहीर सूचना द्यावी लागते. ४३ पत्रांसाठी एवढा खर्च मी करणार नाही.

या दिवाळीलाच काही द्यायचं असेल तर अनुवाद बाजूला ठेवून स्वतःचा लेख लिहा. काळा रंगवलेला झगा, करडे सदरे, जुलैतला विस्तव, १० पेन्सचं टपाल या हकिकती आहेत आणि हकिकतीवर कॉपीराइट नसतो. त्या तुमच्या शब्दांत सांगा. बाईंची वाक्यं मात्र अवतरणात घालू नका. अवतरणाची ब्रिटिश सूट लोकांसमोर आधी आलेल्या लिखाणालाच मिळते. फेसबुकवरचा फोटोही काढून टाका. आडव्या-उभ्या ओळींच्या त्या जाळीतून कुणाला काही वाचता आलं असेल असं नाही, पण भांडणाला निमित्त कशाला?

अनौरस मुलाचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये मेलेल्या माणसाच्या बदनामीचा दावा चालत नाही. आपल्याकडे न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृतांचाही विचार आहे, पण जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. १८१९ च्या पत्रात भाऊ त्या मुलासाठी गावच्या पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गरिबांना पोसणाऱ्या गावकारभाराला, दर आठवड्याला पैसे भरतो आणि वहिनीला ते हिशेबाच्या वहीत सापडतं, यात कसला आलाय हेतू? त्या काळी मुलाचा भार पॅरिशवर पडू नये म्हणून बापाकडून असे पैसे वसूल करणं ही रोजची गोष्ट होती. ती दोन पानं मी वगळणार नाही; तुमच्या संग्रहात त्याहून जिवंत काही नसावं.

गृहस्थांना उत्तर छोटं आणि सभ्य द्या. पत्रं रीतसर विकत घेतली आहेत, ती सार्वजनिक दप्तरात ठेवण्याचा विचार आहे, तिथे त्यांनाही वाचता येतील, आणि मजकुरावर हक्क सांगायचा असेल तर लिहिणाऱ्या बाईंपासूनची कागदपत्रं पाठवावीत. ‘माफ करा’ किंवा ‘तुमची पत्रं’ असे शब्द त्यात नकोत. आणि डिसेंबरात पुण्याला येताना मूळ पत्रं पर्समध्ये घालून आणू नका. ५० वर्षांहून जुनी हस्तलिखितं ब्रिटनबाहेर नेताना निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. आर्ट्स कौन्सिल इंग्लंडच्या परवाना विभागाला आधी विचारा. मला स्कॅन पुरतील.

राहिलं एकोणतिसावं पत्र. त्याचं अक्षर वेगळं आहे आणि खाली भावाची सही आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याचा लेखक वेगळा म्हणजे मृत्युपत्र वेगळं, वारसही वेगळे, आणि त्यांतला एखादा आजही डॉर्सेटमध्येच असू शकतो. ते पत्र तूर्त अनुवादातून आणि लेखातूनही बाजूला काढा, आणि त्याचं स्कॅन मला पाठीपोट दोन्ही बाजूंचं पाठवा.