संप्रेरकं शिकताय? आधी एकच साखळी धरा

संप्रेरकांची (हार्मोन्सची) यादी पाठ करायला घेतलीत ना? ती आधी बाजूला ठेवा. सुरुवातीला फक्त थायरॉइडची साखळी पक्की करा, पुढच्या बऱ्याचशा त्याच चालीवर चालतात.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्यामुळे त्याच्याखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडते. ते रक्तातून मानेतल्या थायरॉइड ग्रंथीपर्यंत पोचतं आणि थायरॉइड मुख्यतः टी४ व थोडं टी३ ही आपली संप्रेरकं तयार करते. रक्तात ही दोन पुरेशी झाली की तीच हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला आवर घालतात. हा उलटा निरोप फार सुंदर आहे, त्यावर हवा तेवढा वेळ घालवा. थायरॉइड स्वतःच मंदावली की आवर सुटतो आणि टीएसएच वाढतं. नवखे इथे हमखास अडखळतात, 'टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड जोरात' असं धरून बसतात. कागदावर बाण काढून बघा, घोटाळा राहणार नाही.

आणखी दोन ठिकाणी जपा:

- ऑक्सिटोसिन आणि एडीएच (शरीरातलं पाणी राखणारं) ही संप्रेरकं पिट्युटरीच्या मागच्या भागात बनत नाहीत. ती हायपोथॅलॅमसमध्ये बनतात. पिट्युटरीच्या मागच्या भागात फक्त साठतात आणि तिथून सुटतात.
- प्रोलॅक्टिनचा (पिट्युटरीचं, अंगावरचं दूध तयार करवणारं संप्रेरक) कारभार वेगळा. हायपोथॅलॅमसकडून येणारं डोपामिन त्याला सतत दाबून ठेवतं.

रिसेप्टर, पेशीच्या आतली रसायनं वगैरे सध्या उघडूच नका. पुढची साखळी कॉर्टिसॉलची घ्या: हायपोथॅलॅमसचं सीआरएच, पिट्युटरीचं एसीटीएच, मग मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी. ती न बघता, बाणांसकट काढता आली की मला नक्की दाखवा.