इंग्लंडमधल्या वेलंड्स स्मिदीच्या (म्हणजे वेलंडची लोहाराची भट्टी) दगडी थडग्यापाशी रात्री घोडा बांधून ठेवला की सकाळी नाल ठोकलेला मिळतो म्हणे, हे खरं आहे का?

खरं म्हणजे, लोक असं सांगायचे एवढं खरं. पण तुम्ही लिहिलंय ते "रात्री बांधून ठेवायचं" जुन्या नोंदीत नाहीये. 1738 मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस वाइज नावाच्या जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाने ही गोष्ट लिहून ठेवली, त्यात असंय की इथे पूर्वी एक अदृश्य लोहार राहायचा, वाटेत घोड्याची नाल पडली तर घोडा आणि एक नाणं तिथे ठेवून जरा वेळ बाजूला जायचं, परत आलं की नाणं गायब आणि घोड्याला नवीकोरी नाल. बास. रात्रबित्र नंतर कोणीतरी घातलेलं दिसतंय.

मी कामासाठी दोन वर्षं स्विंडनला होतो, तिथून गाडीने अर्धा तासही लागत नाही त्यामुळे तीनचार वेळा जाणं झालं. रिजवे नावाची जुनी पायवाट आहे, तिच्या कडेला बीचच्या झाडांच्या घोळक्यात एक लांबट मातीचा उंचवटा, साधारण 56 मीटर, आणि एका टोकाला माणसापेक्षा उंच शिळा उभ्या. आत वाकून जायचं, क्रूसाच्या आकाराची छोटी खोली. फोटो बघून वाटतं हजारो वर्षं हे असंच उभंय, पण तसं नाही, 1962-63 ला स्टुअर्ट पिगट आणि रिचर्ड अ‍ॅटकिन्सन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं तेव्हा पडलेल्या शिळा परत उभ्या केल्या. दर्शनी सहापैकी चारच उरल्यात.

आता मला यातली खरी गंमत वाटते ती वेगळीच. हे थडगं इ.स.पू. 3460 ते 3400 च्या सुमाराचं. म्हणजे ज्यांनी बांधलं त्यांना लोखंड काय, तांबंसुद्धा माहीत नव्हतं, आणि नाव मिळालं लोहाराच्या भट्टीचं! कारण सॅक्सन लोक (पाचव्या शतकापासून जर्मनीकडून इंग्लंडात आलेले) तिथे येईपर्यंत हे कोणाचं, कशाचं, सगळं विसरलं गेलं होतं. त्यांनी त्यांच्याकडचा पुराणातला लोहार वेलंड आणून बसवला, इ.स. 955 च्या एका जमिनीच्या सनदेत हे नाव आहे. आपल्याकडे नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणतात ना, अगदी तोच प्रकार. एवढं मोठं काम साध्यासुध्या माणसाचं कसं असेल, मग घाला भीमाच्या नाहीतर वेलंडच्या नावावर.

आणि हा वेलंड काही गरीब नालबंद नव्हे बरं का. मूळ कथेत राजा त्याच्या पायाच्या शिरा कापून त्याला कैदेत कामाला लावतो, तर हा राजाच्याच पोरांना मारून त्यांच्या कवट्यांचे प्याले करतो आणि उडून जातो. ब्रिटिश म्युझियममध्ये देवमाशाच्या हाडाची एक पेटी आहे, आठव्या शतकातली, तिच्यावर हा प्रसंग कोरलाय, खाली मुंडकं नसलेलं धड पण दिसतं. असला माणूस पुढे एका नाण्यात नाल ठोकून द्यायला लागला, काय म्हणायचं.

1919-20 च्या खोदकामात तिथे लोखंडाच्या दोन पट्ट्या सापडल्या होत्या, लोहयुगात चलनासारख्या वापरायचे तशा. लोहाराच्या गोष्टीशी लगेच संबंध जोडावासा वाटतो पण मला ते ओढूनताणून वाटतं, मधे कित्येक शतकं आहेत.

खरी थरारक गोष्ट मातीखाली निघाली. या दगडी थडग्याच्या पोटात त्याआधीचं एक लाकडी थडगं होतं, 14 जणांचं, त्यातले 11 पुरुष. एकाच्या कमरेच्या हाडात गारगोटीच्या बाणाचं टोक तुटून अडकलेलं, आणि निदान तिघं तरी बाण लागून मेले असावेत असं मानतात. एवढी मारामारी झाली असावी, पण तिचा एक शब्द लोककथेत उरला नाही.

जवळच अफिंग्टनचा पांढरा घोडा आहे, टेकडीवर चर खणून त्यात पांढऱ्या खडूच्या दगडाचा चुरा भरून काढलेला, तो म्हणे शंभर वर्षांतून एकदा इथे नाल ठोकून घ्यायला येतो. त्याच्या पार्किंगमधून चालत अर्धा तास, तिकीट नाही. पावसात गेलात तर चिखलाचे बूट न्या, आणि शिळांच्या फटीत लोक नाणी खोचतात ते मात्र करू नका, दगड खराब होतो.