हे बोलतंय कोण?

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते. विनोदी उतारा वाचला की मुलं खळखळून हसतात, पण यात लेखकाने काय काय वापरलंय असं विचारलं की सगळे 'अतिशयोक्ती' लिहून मोकळे. उपहास, उपरोध, व्याजस्तुती त्यांना कसं दाखवू?
- एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, अतिशयोक्ती वाक्यातच दिसते हो, म्हणून मुलांना ती पटकन सापडते. बाकीचं वाक्यात शोधून मिळत नाही, कारण ते बोलणारा आणि लिहिणारा यांच्यामधल्या अंतरात असतं. म्हणून व्याख्या पाठ करून घेण्याआधी एकच प्रश्न विचारायला लावा, की हे बोलतंय कोण आणि लिहिणाऱ्याला ते पटतंय का?

यासाठी मला एकनाथांचं रोडग्याचं भारूड सगळ्यात भारी वाटतं. 16व्या शतकातलं आहे पण पोरांना आजही लगेच कळतं. एक सासुरवाशीण भवानी आईला नवस बोलतेय, 'सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला', मग सासूला निर्दाळायला सांगते, मग जाऊ, नणंदेचं पोर, असं करत करत शेवटी नवऱ्यापर्यंत येते, आणि या सगळ्याच्या बदल्यात देणार काय तर रोडगा, म्हणजे विस्तवावर भाजलेला कणकेचा गोळा! इथे थांबा आणि मुलांना विचारा हसू कशाचं आलं. मागणं केवढं आणि नैवेद्य केवढा, ही झाली विसंगती. एकेक माणूस वाढत वाढत थेट नवऱ्यावर जाणं, ही चढती मांडणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती बाई हे अगदी मनापासून, भक्तिभावाने मागतेय, तिला स्वतःला यात वावगं काहीच वाटत नाहीये, पण ऐकणाऱ्याला दिसतंय की ही भक्ती नाही, देवाशी चाललेला व्यवहार आहे. नाथांनी तिला एका शब्दानेही टोकलेलं नाही, नुसतं बोलू दिलंय, आणि नवसाच्या प्रथेचा उपहास झाला तो त्या बोलू देण्यातून.

पुढे 'एका जनार्दनी' ही नाथांची नाममुद्रा आली की पलटी बसते. सगळेच जाऊ देत, एकलीच राहू दे मला, असं ती म्हणते आणि मग सासू-सासरे ही संसाराची बंधनं आणि एकली राहणारी ती म्हणजे जीव, असा अर्थ वर येतो, म्हणजे अख्खं भारूडच रूपक होतं. हे मात्र आधी सांगू नका प्लीज, पोरं हसून झाल्यावरच सांगा. आधीच अध्यात्म सांगितलं की हसणं जातं आणि मग शोधायला काही उरत नाही.

व्याजस्तुतीला 'वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर' हे सुभाषित द्या. वरवर नमस्कार, पण वैद्याला यमाचा सख्खा भाऊ म्हटलंय, आणि पुढच्या ओळीत यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राण आणि पैसे दोन्ही नेतो. स्तुतीचे शब्द आणि निंदेचा अर्थ, संपलं, मुलं हे विसरत नाहीत.

उपरोध बहुतेक वेळा एखाद्या वाक्यापुरता असतो, बोलायचं एक आणि सुचवायचं उलट, तर उपहास हा सगळ्या लेखनाचा रोख असतो. पण या सीमेवरून मुलांचे मार्क कापू नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं. मुलाने ओळ दाखवून 'इथे लेखक उलट बोलतोय' एवढं जरी लिहिलं तरी त्याला कळलेलं असतं.

प्रश्न : विडंबन आणि टिंगल यात फरक काय?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टिंगल कुठल्याही भाषेत करता येते, विडंबनाला मात्र समोरच्याचाच सूर उचलावा लागतो. केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे यांची 'प्रेमाचा गुलकंद' वाचा. प्रियकर तिला नेमाने गुलाब देत राहतो, सगळं हळव्या प्रेमकवितेच्या थाटात चाललंय, आणि शेवटी ती त्याच्यापुढे त्याच गुलाबांच्या गुलकंदाची बरणी ठेवते. वृत्त ढळत नाही, ऐट तीच राहते, फक्त विषय हृदयातून थेट स्वयंपाकघरात उतरतो. त्या काळच्या हळव्या प्रेमकविता आधी वाचून मग ही वाचलीत तर मजा दुप्पट येईल, कारण विडंबन कळायला मूळचा सूर कानात असावा लागतो.