शेजारच्या बाळाला 11 ला लाइट, आमच्याला 15 असून घरी कसं?

प्रश्न: मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आलीये. नातू पूर्ण दिवसांचा आहे, वजन चांगलं. चौथ्या दिवशी पिवळा दिसला म्हणून नेलं, छातीला कावीळ मोजायचं मशीन लावलं तर 15 आला, मग रक्त घेतलं त्यात 15.4. डॉक्टर म्हणाले घरी न्या, दूध पाजत रहा, उद्या परत दाखवा. पण बाजूच्या खाटेवरच्या बाळाला 11 वरच काविळीच्या लाइटखाली ठेवलेलं! आमच्याकडे दुर्लक्ष झालं का? आणि सकाळी कोवळ्या उन्हात ठेवते, ते चालेल ना?

उत्तर: ताई, तुमची घालमेल समजते, पण दुर्लक्ष झालेलं नाही. बिलिरुबिनचा, म्हणजे रक्तातल्या ज्या पिवळ्या द्रव्याने कावीळ दिसते त्याचा, नुसता आकडा काहीच सांगत नाही, तो बाळ किती तासांचं असताना आला ते सोबत लागतं. दिवस नाही, तास. पूर्ण दिवसांच्या बाळात बिलिरुबिन तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत चढतं आणि मग उतरायला लागतं, म्हणजे 20 तासांच्या बाळात 11 हे धावपळ करायचं कारण आहे आणि तेच 90 तासांच्या धडधाकट बाळात बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. शिवाय ते बाळ कमी दिवसांचं असेल, किंवा आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असं असेल तर लाइटची रेषा, म्हणजे ज्या आकड्याला लाइट लावतात तो, आणखी खाली येते. पहिल्या 24 तासांत बाळ पिवळं दिसलं तर मात्र लगेच तपासायचंच, तिथे थांबायचं नाही.

मशीन त्वचेवरून अंदाज देतं, सुई टोचावी लागत नाही म्हणून आधी तेच लावतात. 15 किंवा वर आला, किंवा लाइटच्या रेषेपासून 3 च्या आत आला की रक्त तपासतात, तुमच्याकडे तेच केलं, बरोबर केलं. आता एकच गोष्ट चुकवू नका, उद्याची फेरी. "आज जरा कमी पिवळा वाटतोय" म्हणून घरी राहू नका, आपल्या सावळ्या कातडीवर नजर फार फसते, अनुभवी नर्सचीही फसते.

कोवळं ऊन नको. ते किती मिळालं ते मोजता येत नाही, उघडं बाळ गार पडतं नाहीतर भाजतं, आणि आपण काहीतरी केलं या समाधानात तपासणी राहून जाते हे मी खूपदा पाहिलंय. पाणी, ग्लुकोज, गुटी यानेही कावीळ उतरत नाही. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पाजा, बिलिरुबिन शीतून बाहेर पडतं, दूध पोटात गेलं तरच शी होणार.

अजून एक, पेटीतून काढलेली जुनी झबली, दुपटी हुंगून बघा. डांबर गोळ्यांचा वास येत असेल तर अजिबात घालू नका. काही मुलग्यांमध्ये जी6पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि त्या वासाने रक्तपेशी फुटून कावीळ एकदम चढते.

बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किंचाळल्यासारखं रडायला लागलं, मान-पाठ मागे ताणायला लागलं तर उद्याची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. बिलिरुबिन मेंदूत उतरलं तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

प्रश्न: बहीण इंग्लंडला असते, तिच्या बाळाचं बिलिरुबिन 240 लिहिलंय. आम्ही सगळे हादरलोय.

उत्तर: तिकडचं एकक वेगळं. 17.1 ने भागा, आपल्याकडचे साधारण 14 झाले. किती तासांचं बाळ ते बहिणीला विचारा, आणि 2 आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला तर लघवी आणि शीचा रंग बघायला सांगा. शी पांढुरकी, खडूसारखी आणि लघवीने लंगोट पिवळा होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तो पित्तनलिका बंद असल्याचा प्रकार असू शकतो, आणि त्याचं ऑपरेशन बाळ 2 महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर जास्त चांगलं.