आधी गाई काय खातात ते विचार

पोरी,

रशियाच्या सायबेरियातल्या याकुतियावरचा तुझा लेख दोनदा वाचला. सुरुवात तिथल्या ओय्म्याकोन गावच्या उणे ६७.७ अंशांच्या थंडीने केली आहेस. आकडा बरोबर आहे, १९३३ चा. तरी खोड. सगळे तिथूनच सुरू करतात आणि मग माणसं दिसतात ती फक्त कुडकुडताना.

त्यापेक्षा विचार, तिथल्या गाई काय खातात? हो, गाई! साखा लोकांचे पूर्वज (याकूत हे इतरांनी ठेवलेलं नाव) दक्षिणेकडून, बैकलच्या बाजूने, गुरं-घोडी घेऊन लेना नदीच्या खोऱ्यात आले. घोडा खुराने बर्फ उकरून चरतो. गाईला ते जमत नाही, तिला लांबलचक हिवाळाभर गोठ्यात गवत घालावं लागतं. ते एवढ्याशा उन्हाळ्यात कापून ठेवायचं. पण सूचिपर्णी जंगलात एवढं गवत आणायचं कुठून? अलासमधून. जमिनीच्या पोटातलं बर्फ वितळतं, वरची माती खचते, तळं साचतं. तळं आटत गेलं की बशीसारखं कुरण उरतं. साखांची वस्ती या बश्यांच्या काठाने वाढली. तू मात्र ‘गोठलेली जमीन’ पहिल्या प्रकरणात टाकलीस आणि ‘लोकजीवन’ पाचव्यात.

ती जमीन किती खोल गोठलेली? तिथल्या राजधानीत, याकुत्स्कला, शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८ पासून विहीर खणली. ११६ मीटर खाली गेला, तरी पाण्याचा पत्ता नाही. हे घे लेखात. आकड्यांची हौस असेल तर तिथल्याच व्हेर्खोयान्स्क गावचे जून २०२० मधले ३८ अंशही घे, कारण आता घरांखालची जमीनही खचू लागली आहे.

एवेन आणि एवेंकींना ‘इतर भटक्या जमाती’ म्हणून एका ओळीत गुंडाळलंस, ते मला खटकलं. त्यांचे रेनडिअर हिवाळ्यात बर्फाखालचं दगडफूल खातात, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच. ते वाढतं अगदी सावकाश. एका जागी कळप फार दिवस थांबला तर पुढची कित्येक वर्षं तिथे चारा नाही. हे लिही, म्हणजे ‘भटक्या’ शब्दाची गरजच उरणार नाही.

‘ओसाड’ चार वेळा आलंय. वर्गात मीही वीस वर्षं तेच म्हणत आलो, त्यामुळे तुला रागावण्याचा हक्क मला नाही. पण तीस लाख चौरस किलोमीटरात दहा लाख माणसं म्हणजे वस्ती विरळ, ओसाड नव्हे.

दुसरा खर्डा गवतकापणीपासून सुरू कर. रविवारपर्यंत पाठव, सोमवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

तुझे,
सर