जळगाव सोडताना टपालाचं काय करायचं

भाऊ, तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरात लीड्सला निघालोय, जळगावचं भाड्याचं घर रिकामं करतोय, आई-वडील चोपड्याकडे गावी राहतात, तर पोस्टात एक अर्ज दिला की आपलं टपाल इंग्लंडला येत राहील का?

त्या भरवशावर निघू नका. अर्ज जरूर द्या, पण तो चुकूनमाकून मागे राहिलेल्या पाकिटांसाठी. बाकी टपाल वळवत बसायचं नाही, ते जिथून निघतं तिथेच पत्ता बदलून घ्यायचा. मी भुसावळची, इकडे इंग्लंडला येऊन बरीच वर्षं झाली. आपल्याकडची नवी पोरं येतात, त्यांची नोकरी, घर, थंडीचे कपडे सगळं नीट ठरलेलं असतं; एटीएम कार्ड मात्र कुठल्याशा कुलूपबंद दाराशी जाऊन परत बँकेत गेलेलं असतं.

आधी अर्जाचं. घराशेजारचं छोटं पोस्ट नव्हे, तुमच्या भागाची डिलिव्हरी ज्या पोस्टातून होते तिथे तो द्यायचा. कुठलं ते तुमचा पोस्टमनच सांगेल. जुना पत्ता, नवा पत्ता, घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि सही. नवा पत्ता इंग्लंडचा लिहू नका, गावचा लिहा. नावं लिहिताना कंजुषी नको: पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं, पत्नीचं माहेरच्या आडनावाने तिसरं, सगळी रूपं लिहा. जळगावात एका इमारतीत तीन-तीन पाटील असतात, नुसत्या आडनावावर पोस्टमनने काय करावं? ही सोय काही महिन्यांपुरती धरून चाला. घर सोडायच्या आधी पोस्टमनला समक्ष भेटून या. कागदापेक्षा तो माणूस जास्त कामाचा आहे, आणि त्याची बदली झाली की तीही सोय संपली.

पिन कोडची एक गंमत आपल्याकडे आहे, ती फॉर्म भरताना त्रास देते. पिन जिल्ह्याच्या हद्दीने चालत नाही. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन 424101, म्हणजे धुळ्याच्या 424 मध्ये. शिरपूर धुळे जिल्ह्यात, तर पिन 425405, म्हणजे जळगावच्या 425 मध्ये. ऑनलाइन फॉर्म पिनवरून जिल्हा आपोआप भरतो तिथे एकदा डोळ्यांखालून घाला.

आता या अर्जाने काय वळत नाही ते. खासगी कुरिअरने येणारं काहीच नाही, त्यांचा पोस्टाशी संबंध नसतो. बँकेची कार्डं सहसा पुढे पाठवत नाहीत, माणूस भेटला नाही की बँकेकडे परत. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात. म्हणून नूतनीकरण जवळ आलं असेल तर निघायच्या आधी उरका, नाहीतर मग इकडे भारतीय उच्चायुक्तालयामार्फत करा. आणखी एक बदल लक्षात असू द्या. 2025 पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, ते स्पीड पोस्टात मिसळलं. आता पाठवणाऱ्याने तशी सेवा घेतली तर ओटीपी सांगितल्याशिवाय पाकीट हातात मिळत नाही. तो ओटीपी तुमच्या भारतातल्या नंबरवर जाणार. तेव्हा सिम बंद करू नका, स्वस्तातल्या रिचार्जवर जिवंत ठेवा. बँकेच्या कामालाही तोच नंबर लागतो.

मला सगळ्यात जास्त काळजी नोटिसांची वाटते. पाकीट मिळालंच नाही तर आपण मोकळे, असं आपल्याकडे सर्रास समजतात. कायदा तसं धरत नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 27 म्हणतं की योग्य पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असंच धरायचं. पाकिटावर ‘घर बंद’ किंवा ‘लेफ्ट’ असा शेरा येऊन ते परत गेलं तरी कोर्टात नोटीस बजावली गेली असं धरलं जाऊ शकतं. घरमालकाकडे किंवा पतसंस्थेत तुमचे सही केलेले चेक पडून आहेत का? चेक न वटता परत गेला की चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 138 ची नोटीस येते आणि पैसे भरायला 15 दिवस मिळतात. त्यातले दहा दिवस पाकीट कोणाच्या टेबलावर पडलं तर काय कराल?

आणि खरं सांगा भाऊ, कोणाला जामीन आहात का? चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या दुकानाला? आपल्या भागात पतसंस्था गल्लोगल्ली, आणि जामीन राहायला नाही म्हणणं जिवावर येतं. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो, आणि त्याची नोटीस जामीनदारालाही जाते, संस्थेच्या दप्तरात असलेल्या पत्त्यावर. तो पत्ता आज तुमच्या जळगावच्या फ्लॅटचा असणार. जिथे जिथे जामीन आहात तिथे जाऊन नवा पत्ता लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.

शेतीचंही तसंच. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला 15 दिवस असतात. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा दिसतात, त्या लीड्समधूनही बघता येतात. महिन्यातून एकदा बघत जा. भाऊबंदकीवर संशय घ्या असं म्हणत नाही, पण वाटणीचे कागद नेमके माणूस दूर गेल्यावरच हलतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मग पाकिटं घ्यायची कोणी? वडिलांचा पत्ता द्या, पण काम त्यांच्यावर टाकू नका. वडील सकाळी शेतात, आई शेजारी पापड लाटायला, पोस्टमन येऊन जातो. गावातलाच एखादा माणूस ठरवा: ज्याचं दुकान दिवसभर उघडं असतं, जो फोन उचलतो, आणि तुमचं पाकीट गावभर दाखवत नाही. तिसरी अट अवघड आहे, कल्पना आहे मला. त्याच्या नावाने साधं अधिकारपत्र लिहून सही करून पोस्टात द्या, म्हणजे तुमचं टपाल तो घेऊ शकेल. पाकीट आलं की आधी बाहेरून फोटो, मग तुम्ही सांगाल तेच फोडायचं, एवढं पक्कं करा.

बँक, आयकर, पॅन यांचं घरबसल्या होतं. अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करावंच लागतं. त्याच फॉर्ममध्ये परदेशातला पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगवेगळे देता येतात, तेव्हाच मोकळे व्हा. आयकराच्या पोर्टलवर ईमेल तुमचा स्वतःचा टाका. पुष्कळांच्या खात्यावर सीएचा ईमेल असतो आणि नोटीस तिकडेच वाचली जाते, किंवा वाचली जात नाही. विमा आणि म्युच्युअल फंडांचे कागद ईमेलवर करून टाका.

आता इंग्लंडची बाजू. पहिलं घर तुम्ही बदलणारच, बहुतेक सगळे बदलतात, आणि इथे कितीतरी गोष्टी अजून टपालाने येतात: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्यात, नॅशनल इन्शुरन्सचं (इथल्या सरकारी सामाजिक विम्याचं) पत्र, दवाखान्याची तारीख, काउन्सिल टॅक्सचं (इथल्या पालिकेच्या घरपट्टीसारख्या कराचं) बिल. रॉयल मेलची, म्हणजे इथल्या पोस्टाची, टपाल वळवायची (रीडायरेक्शन) सेवा 3, 6 किंवा 12 महिन्यांसाठी घेता येते, पैसे पडतात. ती नावावर चालते, घरावर नाही. म्हणून पत्नीचं आडनाव वेगळं असेल तर तिचं नाव वेगळं नोंदवा. घर बदलायच्या किमान आठवडाभर आधी अर्ज करा. तिथेही इतर कुरिअरची पार्सलं वळत नाहीत. सेवा सुरू असताना ज्या ज्या पाकिटावर नवा पत्ता चिकटवून येईल, त्या त्या ठिकाणी लगेच पत्ता बदलत जा. मुदत संपेपर्यंत यादी आपोआप रिकामी होते.

दोन ठिकाणी मात्र वाट बघू नका. व्हिसा आता ऑनलाइन असतो, जुनं बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं) 2024 अखेर गेलं, तेव्हा यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात पत्ता बदला. इकडचं ड्रायव्हिंग लायसन्स काढल्यावर त्यावरचा पत्ता बदलायला पैसे पडत नाहीत, न बदलल्यास 1000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. काउन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलं तर फेकू नका. भारतीय नागरिकांना कॉमनवेल्थमुळे इथे मतदान करता येतं, आणि त्या यादीत नाव असलं की कर्ज-क्रेडिटच्या तपासणीत पत्ता पटतो.

नव्या घरात आधीच्या भाडेकरूंची पत्रं येत राहतील. फोडू नका. पाकिटावर ‘नॉट नोन अ‍ॅट धिस अ‍ॅड्रेस’ आणि ‘रिटर्न टु सेंडर’ लिहून कुठल्याही लाल पेटीत टाका, तिकीट लावावं लागत नाही. वसुलीवाल्यांची पत्रं असतील तर हे पहिल्याच आठवड्यात करा, म्हणजे ते तुमच्या दाराशी दुसऱ्याला शोधत येणार नाहीत.