सर्व्हर रिकामा, तरी जोडण्या का होत नाहीत?

प्रश्न : गो भाषेत लिहिलेल्या आमच्या जीआरपीसी (दुसऱ्या यंत्रावरील फंक्शन नेटवर्कवरून बोलावण्याची पद्धत) सर्व्हरची क्षमता आम्ही मोजत आहोत. क्लायंट वेगळ्या लिनक्स यंत्रावर चालतो आणि सेकंदाला सुमारे १,००० कॉल पाठवतो. पहिले अर्धा मिनिट सारे सुरळीत चालते, मग बहुतेक कॉल ‘अनअव्हेलेबल’ म्हणून फसतात. तपशिलात ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ असे दिसते. थोडे थांबून चाचणी पुन्हा चालवली, की पुन्हा तेच. सर्व्हरचा प्रोसेसर या काळात जवळजवळ रिकामा असतो आणि तेथील लिसन बॅकलॉग (स्वीकारल्या जाण्याची वाट पाहणाऱ्या जोडण्यांची रांग) वाढवूनही फरक पडला नाही. दोष कोठे शोधावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोष क्लायंटच्या यंत्रावर आहे. ‘अनअव्हेलेबल’ हा जीआरपीसीचा १४ क्रमांकाचा संकेत जोडणीच्या जवळपास प्रत्येक अपयशाला लागतो; त्यामुळे केवळ संकेत नोंदवणारा लॉग निदानासाठी निरुपयोगी ठरतो. आपण आतला तपशील दिलात, हे बरे झाले. पत्ता नेमता येत नाही, ही तक्रार क्लायंटचेच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करत असून, तो कॉल सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही.

आपला क्लायंट बहुधा प्रत्येक कॉलसाठी नवी जोडणी उघडून लगेच बंद करतो. प्रत्येक जोडणीला क्लायंटकडील एक तात्पुरता पोर्ट (जोडणी ओळखण्याचा क्रमांक) लागतो आणि लिनक्समध्ये त्यासाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढी, म्हणजे २८,२३२ पोर्टांची मर्यादा असते. जी बाजू जोडणी आधी बंद करते, तिच्याकडे ती जोडणी पुढची ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत राहते आणि त्या अवधीत तोच पोर्ट त्याच सर्व्हरच्या त्याच पोर्टासाठी सहसा पुन्हा मिळत नाही. सेकंदाला १,००० या वेगाने हा साठा २८ सेकंदांत संपतो. आपले अर्धे मिनिट ते हेच. खात्रीसाठी चाचणी चालू असताना क्लायंटवर ‘एसएस’ या आज्ञेने टाइम-वेटमधील जोडण्या मोजाव्यात.

उपाय म्हणजे क्लायंट-जोडणी एकदाच उघडून सर्व गोरूटीनमध्ये (गोमधील समांतर चालणाऱ्या कामांमध्ये) वाटून वापरणे. जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालत असल्यामुळे एकाच जोडणीवर अनेक कॉल एकाच वेळी जाऊ शकतात, आणि प्रत्यक्ष वापरातले क्लायंटही असेच वागतात. मात्र एका जोडणीवरील समांतर प्रवाहांवर सर्व्हरने मर्यादा घातली असेल (ती पुष्कळदा १०० असते), तर जास्तीचे कॉल क्लायंटकडेच खोळंबतात आणि तो विलंब सर्व्हरच्या नावावर चढतो; म्हणून भार मोठा असल्यास मोजक्या चार-आठ जोडण्या ठेवणे इष्ट.

नव्या जोडणीचा खर्चच मोजायचा असेल, तर पोर्टांची मर्यादा रुंदावावी किंवा क्लायंटला एकाहून अधिक आयपी पत्ते द्यावेत. ‘टीसीपी-फिन-टाइमआउट’ हे कर्नलमधील मूल्य कमी करण्याचा सल्ला जागोजागी आढळतो, पण त्या मूल्याचा टाइम-वेटशी संबंध नाही. ते ‘फिन-वेट-२’ अवस्थेसाठी, म्हणजे आपली बाजू बंद करून समोरची बंद होण्याची वाट पाहण्यासाठी, आहे. टाइम-वेटमधील जोडण्या लवकर मोकळ्या करणारे ‘टीसीपी-टीडब्ल्यू-रिसायकल’ तर कर्नलच्या ४.१२ या आवृत्तीतूनच काढून टाकले गेले, तरी जुन्या लेखांतून ते अजून सुचवले जातेच.

बॅकलॉगचा संशय अगदीच अनाठायी नव्हता, परंतु त्याची लक्षणे निराळी असतात. रांग भरली, की लिनक्स सहसा नकार न पाठवता पॅकेट निमूटपणे टाकून देते आणि क्लायंट पहिला पुनःप्रयत्न १ सेकंदाने करतो; त्यामुळे एरवी काही मिलिसेकंदांत होणाऱ्या काही जोडण्यांना अचानक १ किंवा ३ सेकंद लागलेले दिसतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले, तर त्या पोर्टावर कोणी ऐकतच नसते, आणि पुष्कळदा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ या, त्याच यंत्रापुरत्या पत्त्याला बांधलेला निघतो. क्लायंटमधील बदलानंतरही अशा सेकंदभराच्या उड्या दिसल्या, तर सर्व्हरवर ‘एनस्टॅट’ या आज्ञेने ‘लिसन-ओव्हरफ्लोज’ (रांग भरून वाहिल्याच्या वेळा) हा आकडा चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर पाहावा. तो वाढला असेल, तरच बॅकलॉगला पुन्हा हात लावावा.